सिमरनचा हात कुणाच्या हातात?

(झाशीच्या सदर बाजारात, रेल्वेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



परवा तुम्ही पंधरा-वीस जण मिळून इथल्या थिएटरात 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' बघून आलात आणि परत येताना कडाकडा भांडलात, हे माझ्या कानावर आलंय. काही जणींचं म्हणणं, राजसारखा मुलगा मिळायला भाग्य लागतं. काही जणींचं म्हणणं, राज बावळट आहे, गाडी समोर होती तेव्हाच निघून जायचं. मुलं म्हणे गप्प होती. हे भांडण मला आवडलं. आजचं बोलणं त्यावरच.

आधी आपण इथे कोण, ते सांगते. झाशीत मराठी माणूस दोन वाटांनी आला. एक वाट पेशव्यांच्या सुभेदारांची. नेवाळकर त्या वाटेनं आले, त्यांचे पुतळे आहेत, पुस्तकं आहेत. दुसरी वाट जीआयपी रेल्वेची. त्या वाटेनं घण, पहार आणि कंदील घेऊन आपली माणसं आली. झाशी डिव्हिजन 2003 पर्यंत मध्य रेल्वेत होतं, त्यामुळे बदलीची ऑर्डर मुंबईच्या बाजूनं यायची आणि माणसं कुटुंबासकट इथे उतरायची. माझे वडील गँगमन होते, पुढे गेटमन झाले. मी घरातली पहिली पदवीधर. तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी हेच आहे.

हा सिनेमा लागला 20 ऑक्टोबर 1995 ला. मी तेव्हा सोळा वर्षांची. सदर बाजारात कॅसेटच्या दुकानांतून सकाळपासून तीच गाणी. आई मला घेऊन गेली. आईला शाहरुखचं काही नव्हतं. तिला त्यातला एकच प्रसंग आवडला आणि तो ती पुढे कित्येक वर्षं शेजारणींना सांगायची. सिमरनची आई, लाजवंती, गच्चीवर येते, दागिन्यांची पुरचुंडी दोघांसमोर धरते आणि सांगते, हिला घेऊन जा. स्वतःच्या आयुष्यात जे सोडावं लागलं ते मुलीला सोडावं लागू नये, एवढंच तिचं म्हणणं.

आणि राज काय करतो? नको म्हणतो. मी हिला पळवून नेणार नाही, बाबूजी स्वतः हिचा हात माझ्या हातात देतील तेव्हाच नेईन. थिएटरात तेव्हा टाळ्या पडल्या. परवाही पडल्या असतील.

जरा थांबून बघा, त्या गच्चीवर नेमकं काय झालं. घरातल्या एका बाईनं आयुष्यात पहिल्यांदा निर्णय घेतला होता. तो निर्णय हिरोनं उचलून परत घरातल्या पुरुषाच्या टेबलावर ठेवला. सिमरनला तर कुणी विचारलंच नाही. शेवटी गाडी सुटते, बाप तिचं मनगट घट्ट धरून उभा, ती सोड म्हणते, आणि बाप सोडतो. सिनेमा संपतो तो तिच्या धावण्यानं, पण धावायची परवानगी बापाची. त्या हाताचा मालक बदलला, एवढंच.

बाबासाहेब पंचवीस वर्षांचे होते, 9 मे 1916 ला त्यांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचं मूळ सांगितलं ते शिवाशिवीत नाही, सोवळ्यात नाही. जातीतल्या जातीत लग्न, हे मूळ. ते टिकवायचं तर बाईवर पहारा हवा. सती, लादलेलं वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याची साधनं, अशी त्यांची मांडणी आहे. तुमच्यातल्या ज्यांनी हा निबंध वाचला नसेल त्यांनी वाचा, लहान आहे, दोन संध्याकाळी होतो. मग हा सिनेमा परत बघा. सिमरनचं लग्न ती पाळण्यात असताना ठरलेलं आहे, बापानं मित्राला दिलेल्या शब्दापोटी. लंडनमध्ये वाढलेली मुलगी, आणि पहारा तोच.

'पण ताई, यात जात कुठे आहे?' असं तुम्ही म्हणाल. जात आहे म्हणूनच ती दिसत नाही. राजचं आडनाव मल्होत्रा. मुलीचा बाप चौधरी बलदेव सिंग. दोघे पंजाबी, दोघांची लंडनात बस्तानं. बापाची तक्रार काय, तर हा पोरगा उनाड आहे, मला फसवून दुकानातून बिअर घेऊन गेला. म्हणजे वागणूक सुधारली की प्रश्न मिटला! आपल्याला नाव विचारतात, मग पूर्ण नाव विचारतात, आडनावावरून नाही कळलं तर गाव विचारतात. आपल्या मुलानं किती चांगलं वागायचं? कबुतराला दाणे टाकून, पाहुण्यांची कामं करून, मुलीच्या आत्याला साडी निवडून देऊन आडनाव बदलतं का? राजची युक्ती चालते कारण त्याला फक्त मन वळवायचं आहे. ज्याच्या बाबतीत मन वळण्याचा प्रश्नच नसतो, त्यानं ती युक्ती उचलू नये.

हिंदी सिनेमानं जात दाखवलीच नाही असं नाही. 1936 ला बाबासाहेबांचं 'जातिसंस्थेचं निर्मूलन' छापून आलं, कारण ते भाषण लाहोरच्या मंडळानं होऊ दिलं नाही. जातिअंताचा खरा उपाय आंतरजातीय लग्न, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. देविका राणी आणि अशोककुमार. नायिका कस्तुरी ही रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी. गेटमनची! हे मला कळलं त्या दिवशी मी वडिलांना फोन केला होता. ते म्हणाले, 'मग पुढे काय होतं तिचं?' पुढे ती फाटकावर गाडीखाली मरते. ब्राह्मण प्रताप जिवंत राहतो. प्रेक्षक रडून घरी जातात. 1959 च्या 'सुजाता'मध्ये बिमल रॉयनी मुलीला जगवलं, लग्नही लावलं, पण त्याआधी तिला आपलं रक्त देऊन सवर्ण आईचा जीव वाचवावा लागला. मरा, नाहीतर रक्त द्या. मग 29 एप्रिल 2016 ला नागराज मंजुळेचा 'सैराट' आला आणि त्यानं शेवट खोटा केला नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, 28 एप्रिल 2014 ला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी बोलला या संशयावरून मारलं होतं. 2017 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले.

तरीही थिएटरबद्दल मी एक चांगली गोष्ट सांगणार आहे. मी मुंबईत शिकायला होते तेव्हा मराठा मंदिरला जायचे. मुंबई सेंट्रल स्टेशन आणि एसटी डेपोच्या समोर. हा सिनेमा तिथे 1995 पासून चालू आहे, 12 डिसेंबर 2014 ला हजार आठवडे झाले, फेब्रुवारी 2015 मध्ये थांबवणार म्हणाले तर लोकांनी ओरड केली आणि परत लावला. सकाळी साडेअकराचा खेळ, बाकी थिएटरांपेक्षा कितीतरी स्वस्त तिकीट. तिथे संवाद तोंडपाठ असलेले लोक असतात, एसटीची वाट बघणारे, रात्रपाळी करून झोपायला आलेले. आणि जोडपी असतात, खूप. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहतात तिथली. त्यांना बसायला शहरात जागा नाही. तीन तास अंधार, पंखा, आणि कुणी आडनाव विचारत नाही. पडद्यावर बाप नाही म्हणत असतो तेव्हा खाली ती जोडपी आपला निर्णय घेऊन बसलेली असतात. मला पडद्यापेक्षा त्या खुर्च्यांतला सिनेमा खरा वाटतो.

त्याच थिएटरात माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. माझ्याच वर्गातला, वेगळ्या जातीचा. चांगला मुलगा होता, आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही. तो म्हणायचा, आपण पळायचं नाही, मी घरच्यांना मनवीन. तीन वर्षं मनवत होता. मी त्यांच्या घरी तीनदा गेले. चहा मिळाला, कप वेगळा होता. चौथ्या वर्षी त्याच्या वडिलांनी त्याचं लग्न ठरवलं आणि त्यानं मला सांगितलं की वडिलांची तब्येत बरी नसते. त्या तीन वर्षांत माझी एक फेलोशिप गेली, कारण ती दुसऱ्या शहरात होती आणि 'आत्ता घरचे वळत आलेत, आत्ता जाऊ नकोस' असं ठरलं होतं. मनवण्याचा खर्च कोण भरतं, ते बघत जा. साधारणपणे ज्याला वाट बघायला लावतात तो भरतो.

2011-12 च्या एका देशव्यापी सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्नं शंभरात पाचच्या आसपास निघाली. बाबासाहेबांच्या त्या निबंधानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी!

आता कामाचं बोलते, कारण तुमच्यात दोघं-तिघं असे आहेत ज्यांना हे आज ना उद्या लागणार आहे. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण असतील तर बापाची सही कुठेच लागत नाही. विशेष विवाह कायदा 1954 चा. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, लग्नाला तीन साक्षीदार. ती नोटीस भिंतीवर लावली जायची आणि घरच्यांपर्यंत पोचायची, हीच मोठी भीती. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये सांगितलं की नोटीस लावायची की नाही हे जोडप्यानं ठरवायचं. तुम्ही उत्तर प्रदेशात आहात, हा निकाल तुमच्या कामाचा. कारकून ऐकत नसेल तर प्रत सोबत न्या. मार्च 2018 च्या शक्तिवाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयानं जिल्ह्यात विशेष कक्ष आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा यांबद्दल सूचना दिल्यात. धमकी आली तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलून घरी येऊ नका. महाराष्ट्रात मूळ रहिवास असेल तर तिथली 50,000 रुपयांची आंतरजातीय विवाह योजना बघा, पण पैशासाठी कुणी थांबू नका.

आणि मुलांनो, तुम्ही परवा गप्प होतात. राज आवडला का, हे तुम्ही बोललाच नाहीत. त्या मुलीला काय हवं होतं हे विचारलंत का कधी, सिनेमातल्या नव्हे, तुमच्या ओळखीतल्या? इथल्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न आहे, नाव नाही. 'ताई, आई तयार आहे, बाबा नाहीत, काय करू?' ज्यानं कुणी लिहिलं असेल त्यानं चहाच्या वेळी मला मागच्या दाराशी भेटावं. बाकीच्या चिठ्ठ्या आता वाचते.