भाग जातो, पण कशाने?

दोन हा अंक ६७ वेळा मांडून गुणाकार करावा व त्यातून एक वजा करावा. १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. फ्रान्समधील मर्सेन या धर्मगुरूने १६४४ साली तिला मूळ संख्यांच्या पंक्तीत बसविले. म्हणजे एक व ती स्वतः यांवाचून तिला कशानेही भाग जावयाचा नाही. १८७६ मध्ये ल्यूका या गणितज्ञाने तिला त्या पंक्तीतून उठविले. मौज अशी की, तिला भाग जातो हे त्याच्या कसोटीने ठरले. कशाने जातो, हे मात्र कळेना!

१९०३ साली न्यूयॉर्कच्या गणितपरिषदेत फ्रँक कोल यांनी फळ्यावर १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणून तीच संख्या काढून दाखविली. या शोधापायी त्यांचे तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे सांगतात.

गुणाकार घटकेचा, अवयव वर्षांचे! याच विषमतेवर १९७७ साली गुप्तलेखनाची एक पद्धत उभी राहिली. बँकांचे व्यवहार राखावयास ती आजही वापरतात. तिच्यातील संख्या मात्र शेकडो अंकी असतात. त्यांचे अवयव साध्या संगणकावर झटपट काढण्याची रीत सापडली, तर ते कुलूप उघडेल. अशी रीत असूच शकत नाही, हे अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही.