फुलराणीचं बोलणं



भक्ती बर्वे म्हटलं की ‘ती फुलराणी’ आठवते. मला मात्र त्याबरोबर मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या भक्तीताईही आठवतात. स्वच्छ, ठाशीव उच्चार. शब्दाला कुठे धक्का नाही. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ लिहिलं. 1975 मध्ये ते रंगभूमीवर आलं, तेव्हा फुलं विकणारी मंजुळा उभी करायची होती नेमकी या भक्तीताईंना!

नाटकातला प्राध्यापक मंजुळेला ‘शुद्ध’ बोलायला शिकवतो. भक्तीताईंना उलट्या वाटेनं जायचं होतं. अशी भूमिका मिळाली की बोलीची टिंगल करून हशा वसूल करण्याचा मोह होतो. त्यांनी तो टाळला. बातमीतल्या शब्दाला द्यावा तेवढाच मान त्यांनी मंजुळेच्या रांगड्या शब्दाला दिला. म्हणून प्राध्यापकाला धडा शिकवण्याचं तिचं स्वगत ऐकताना हसू येतं आणि पोटात कालवतंही. पुढे कित्येक वर्षं शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत मुली ते स्वगत हौसेनं म्हणत आल्या.

कुंदन शाह यांच्या 1983 च्या ‘जाने भी दो यारों’ या हिंदी चित्रपटात त्या ‘खबरदार’ची संपादिका शोभा झाल्या. इथे बोलणं सुसंस्कृत, पण आत हिशेब पक्का! सफाईदार बोलणारं माणूस सज्जन असतंच असं नाही, हे त्यांनी आवाज न चढवता दाखवलं. ‘आई रिटायर होतेय’मध्ये तर घरोघरची आई त्यांच्या तोंडून बोलली. 1990 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

12 फेब्रुवारी 2001 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात त्या गेल्या. वय अवघं 52. चित्रपट पुन्हा पाहता येतो. नाटकाचा प्रयोग मात्र पडद्याबरोबर संपतो.

पण मंजुळेचा प्रश्न संपलेला नाही. आजही नोकरीच्या मुलाखतीत, शाळेच्या वर्गात, सोसायटीच्या फाटकाशी आपण समोरच्याचे दोन शब्द ऐकतो आणि त्याची पायरी ठरवून टाकतो. भक्तीताईंनी त्या मुलीला आपल्यासमोर उभं केलं, ते तिचं म्हणणं आपण ऐकावं म्हणून. पुढच्या वेळी कुणाचा उच्चार कानाला खटकला, तर निदान त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं, एवढंच मला सांगायचं होतं.