किलो किती उतरले?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझ्या धाकट्या जावेने लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करून घेतली, त्याला दोन वर्षे झाली. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारी : "किती किलो उतरलीस?" आकडा कमी वाटला की नाक मुरडी. तेव्हा या शस्त्रक्रियेचे यश मोजावे कसे, हे आज थोडक्यात सांगते.

डॉक्टरमंडळींचा एक जुना हिशेब आहे. उंचीच्या मानाने जे जादा वजन असेल, त्यातले निम्मे गेले की शस्त्रक्रिया यशस्वी. आता दोघी सारख्या उंचीच्या बायका घ्या. दोघींचे योग्य वजन ६० किलो. पहिली ११० किलोंची, तिचे ३० उतरले. दुसरी १४० किलोंची, तिचे ३६ उतरले. जुन्या हिशेबाने पहिलीला ६० टक्के, दुसरीला ४५. म्हणजे जिचे जास्त उतरले तीच नापास! म्हणून आता मूळ वजनाच्या किती टक्के उतरले, तेही पाहतात. त्यात दोघी जवळजवळ सारख्या : २७ आणि २६.

पण काटा सगळेच सांगत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २,००० माणसांची, ती न झालेल्या तितक्याच लठ्ठ माणसांशी वर्षानुवर्षे तुलना केली. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. त्यांच्यातल्या मधुमेह्यांपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी मधुमेहातून मोकळे होते. दहा वर्षांनी मात्र ३६ टक्केच. तेव्हा पहिल्या नवलाईत निकाल लावू नये. शिवाय लोह, कॅल्शियम, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू नये म्हणून गोळ्या आणि रक्ताची तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते.

गेल्या दिवाळीनंतर जावेचे वजन चार किलोंनी वाढले. बिचारी रडू लागली, "वहिनी, सगळे फुकट गेले." मी म्हटले, "अगं, आत्ता भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढून आलीस ना? पूर्वी पहिल्याच जिन्यावर बसत होतीस." ती डोळे पुसून हसली.

भगिनींनो, अशी कोणी भेटली तर किलो विचारू नका. दम लागतो का, झोप लागते का, रक्त तपासलेस का, एवढे मायेने विचारा.