संघाचा मक्ता आणि शहराचे नाव

(होटगी येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शिबिराच्या विषयपत्रिकेवर पिण्याचे पाणी, बिडी कामगार भगिनींचे किमान वेतन आणि सिमेंट कारखान्यांतील कंत्राटी मजूर असे विषय असताना मी फुटबॉलवर बोलायला उभा राहावे, हे काहींना चैनीचे वाटेल. परंतु काल सायंकाळी स्टेशनाकडून इकडे येताना येथल्या काही तरुणांनी मला एक प्रश्न विचारला. जमशेदपूरला व्यावसायिक फुटबॉलचा संघ मिळतो, मग आपल्या सोलापूरला का मिळत नाही? उत्तर त्यांना वाटेतच देता आले असते. पण ते सर्वांनी ऐकावे असे वाटले.

त्या प्रश्नातला ‘मिळतो’ हा शब्द पाहा. जे मिळते ते कोणीतरी देत असतो. हा देणारा कोण? डिसेंबर 2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले सारे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, 700 कोटी रुपयांच्या मोबदल्यात, आयएमजी-रिलायन्स या कंपनीकडे सोपवले. त्यातून 2014 साली इंडियन सुपर लीग उभी राहिली. आठ शहरे ठरली, आठ मालक ठरले आणि मग खेळाडू गोळा करण्यात आले. खालच्या स्पर्धा जिंकून कोणताही संघ येथे आला नव्हता. ‘फ्रँचायझी’ या शब्दाने बुजून जाण्याचे कारण नाही; त्यासाठी आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे, मक्ता. भीमेकाठच्या वाळूचा जसा मक्ता, तसा शहराच्या नावाचा मक्ता. फरक इतकाच की वाळूच्या लिलावात निदान वाळू सरकारची असते. शहराचे नाव त्या कंपनीच्या मालकीचे केव्हा झाले, हे कोणी विचारले नाही.

मक्तेदार बुडाला की काय होते, ते पुण्याने पाहिले आहे. पुण्याचा मक्ता वाधवान समूहाकडे गेला. सोबत चित्रपट नट भागीदार म्हणून झळकले. सामने झाले बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, म्हणजे 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी तुमच्या-आमच्या करांतून बांधलेल्या मैदानावर. पुण्यात 2007 पासून पुणे एफसी नावाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता; तो 2015 मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाने काढलेला भारत एफसी एकच हंगाम खेळून त्याच वर्षी संपला. दोन संघ मिटले आणि मक्त्याचा संघ तेवढा उरला. तोही 2018-19 चा हंगाम खेळून आटोपला. वाधवानांची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल कोसळली; नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. आयुष्याची पुंजी तेथे ठेवलेल्या अनेक ठेवीदारांच्या हाती पुढे त्या पुंजीचा केवळ अंश परत आला. त्या ठेवीदारांच्या दुःखापुढे एका फुटबॉल संघाचे दुःख ते काय, असे कोणी म्हणेल तर मी वाद घालणार नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच हाताने घडल्या, एवढे ध्यानात ठेवा.

पुण्याची जागा 2019 मध्ये हैदराबादला देण्यात आली. हैदराबादचा संघ 2022 मध्ये अजिंक्य ठरला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याच संघातील खेळाडू पगार थकल्याची तक्रार करू लागले. मालक बदलले, आणि 2025 मध्ये तो संघ उचलून दिल्लीला नेण्यात आला. दिल्लीत जागा रिकामी होती, कारण तेथला संघ 2019 मध्येच भुवनेश्वरला नेऊन त्याचे नाव ओडिशा ठेवण्यात आले होते. एक जागा सहा वर्षांत तीन शहरे फिरली. होटगी हे जंक्शन आहे. गाड्या बदलण्याची सवय आपल्याला आहे. पण येथे गाडीच उतारूंना सोडून निघून गेली.

आता जमशेदपूरकडे येऊ. 2017 मध्ये लीग वाढवण्याचे ठरले तेव्हा बोलीसाठी दहा शहरे जाहीर झाली : अहमदाबाद, बंगळुरू, कटक, दुर्गापूर, हैदराबाद, जमशेदपूर, कोलकाता, रांची, सिलिगुडी आणि तिरुवनंतपुरम. महाराष्ट्रातील एकही नाही. त्यांतून बंगळुरू जिंदालांच्या जेएसडब्ल्यूला आणि जमशेदपूर टाटा स्टीलला मिळाले. जमशेदपूरचे मैदान टाटांचे, 1987 पासूनची फुटबॉल अकादमी टाटांची, गावही टाटांनी वसवलेले. तेथे मालक आधीच बसलेला होता. शहर त्याच्यामागून यादीत आले. सोलापूरला असा मालक नाही. जे गिरणीमालक होते त्यांनी 1877 पासून या शहराच्या श्रमावर धन जमवले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस एकामागून एक भोंगे थांबले. तरुण मित्रांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

लोकांचे प्रेम हा निकष असता तर कोल्हापूरचे नाव त्या यादीत पहिले आले असते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ, शिवाजी तरुण मंडळ, आणि त्यांच्यासाठी शाहू स्टेडियमवर लोटणारी गर्दी. हे कोणत्याही जाहिरातीवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पेठ हीच तेथे संघाची मालक. त्या गर्दीत हाणामाऱ्या होतात हे मला ठाऊक आहे, आणि पेठेचा अभिमान पेठेच्या द्वेषात बदलताना पाहून वाईटही वाटते. तरीही फुटबॉल तेथे जिवंत आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आणि पुढे व्यावसायिक खेळण्यासाठी गेला कोठे, तर जमशेदपूरला.

या व्यवस्थेने काहीच दिले नाही असे मी म्हणणार नाही. काही खेळाडूंना पूर्वी स्वप्नातही नव्हते असे मानधन मिळाले, मैदानांचे गवत सुधारले. पूर्वीच्या काळाचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. मुंबईत मफतलाल, ऑर्के या गिरण्यांचे, टाटांचे, महिंद्रांचे संघ होते, तेही मालकाच्याच मर्जीवर. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये मालकांनी एका निर्णयासरशी बंद केला. पण रेल्वे, बँका, गिरण्या यांच्या संघांतील खेळाडूला निदान नोकरी असे; पाय मोडला तरी चूल पेटत असे. आजच्या खेळाडूच्या हाती करारपत्र असते, आणि पगार थकला की महासंघाच्या दारी खेटे घालणे नशिबी येते.

जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे पन्नास टक्के अधिक एक मत असलेच पाहिजे असा नियम 1998 पासून आहे. पैसा बाहेरून आणा, पण संघ दुसऱ्या गावी नेण्याचा अधिकार त्यातून विकत मिळत नाही. अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत : लेव्हरकुसेन औषध कंपनीचे, वोल्फ्सबुर्ग मोटार कंपनीचे. जमशेदपूरचीच भावंडे. ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व आपल्याला नवे नाही. साखर कारखाने त्यावरच उभे राहिले. त्या कारखान्यांचे पुढे काय झाले आणि एकेका घराण्याने ते कसे खिशात घातले, हे सोलापूर जिल्ह्याला मी सांगायला नको. म्हणून सहकाराचे नाव घेतले की प्रश्न सुटला, अशा भ्रमात राहू नका.

लीगमध्येही पुढे दार किलकिले झाले. राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीचा विजेता वर यावा असे ठरल्यावर 2023 मध्ये पंजाबचा आणि 2024 मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगचा संघ मैदानावर जिंकून वर आला. आणि ज्या भांडवलाच्या भरवशावर हे सारे उभारले होते त्याचे काय? पंधरा वर्षांचा करार संपत आला, जुलै 2025 मध्ये पुढचा हंगाम स्थगित झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महासंघाने मागवलेल्या नव्या निविदेला एकही बोली आली नाही.

सोलापूरला अगदीच काही मिळाले नाही असे नाही. 2023 मध्ये क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ‘सोलापूर रॉयल्स’ नावाचा संघ होता. त्या वर्षीचे सारे सामने गहुंजेला झाले. आपले नाव तेथे जाऊन खेळले, आपण येथे दूरदर्शन संचासमोर बसलो.

उद्या कोणी मक्तेदार फुटबॉलचा संघ घेऊन सोलापुरात आलाच, तर तो प्रथम महापालिकेकडे पार्क मैदान मागेल. त्या दिवशी आपले काम सुरू होते. मैदान सार्वजनिक आहे. म्हणून संघ किती वर्षे येथून हलणार नाही, हलला तर अनामत रकमेतून किती पैसा शहराकडे राहील, स्थानिक मुलांना सरावासाठी किती दिवस मैदान मोकळे असेल आणि तिकिटाचा किमान दर काय, हे करारात लिहून घेतल्याशिवाय ठरावाला आपल्यापैकी कोणीही हात वर करू नये. आणि तोवर येथल्या मुलांनी संघ काढावा, आसपासच्या गावांशी सामने लावावेत, वर्गणीची वही ठेवावी. सभासदांची नावे मात्र पहिल्या दिवसापासून लिहा, मुलींचीही.