औषध किती, आणि कोठवर?

शाळेंत असतांना हौदाचीं गणितें आपण सर्वांनींच सोडविलीं आहेत. एका तोटीनें पाणी येतें, दुसरीनें जातें. दोन्ही तोट्या सारख्या वाहूं लागल्या कीं पातळी हालत नाहीं, आणि वरून पाहणारास हौद अगदीं निश्चल वाटतो. एच. आय. व्ही. या विषाणूच्या बाबतींत वैद्यकाची हीच फसगत झाली होती. रोग्याच्या रक्तांतील विषाणूंची संख्या वर्षानुवर्षें फारशी बदलत नसे. तेव्हां तो जणूं झोपीं गेला आहे, असा समज पसरला.

१९९५-९६ सालीं न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड हो व लॉस अलामॉसचे गणिती ॲलन पेरेलसन यांनीं सहकाऱ्यांसह, भरणारी तोटी औषधानें अडवून पातळी किती वेगानें उतरते तें मोजलें. त्यावरून निघालेला जमाखर्च थक्क करणारा होता. रोज सुमारें १,००० कोटी विषाणु जन्मत होते व जवळजवळ तितकेच नाश पावत होते!

हा आकडा हातीं येतांच एकट्या औषधाचा पराभव कां होतो, तें उलगडलें. या विषाणूची जन्मपत्रिका सुमारें १०,००० अक्षरांची. आणि तिची नक्कल करतांना अदमासें ३०,००० अक्षरांमागें एक चूक होते. नकला असंख्य, म्हणून एका औषधास चकविणारी चूक कोठें ना कोठें होणारच. परंतु ठराविक तीन चुका एकाच नकलेंत एकदम घडण्याचा योग २७ लक्ष कोटींत एक, किंबहुना त्याहूनहि विरळ. १९९६ पासून तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली, तिच्यामागें हा हिशेब आहे.

मग औषध कधीं थांबवावें? १९९७ मध्यें याच गणितानें उत्तर दिलें: दोन-तीन वर्षांत कदाचित् निर्मूलन होईल. तें खोटें ठरलें. सूत्र चुकलें नव्हतें. कांहीं पेशींत विषाणु खरोखरच निद्रिस्त राहतो, ही बाब त्यांत पुरती धरलेली नव्हती. १९९९ च्या मोजणीप्रमाणें अशा पेशींची संख्या निम्मी होण्यास सुमारें ४४ महिने लागतात. सर्व संपावयास साठांहून अधिक वर्षें.

१९९७ सालींच किर्शनर, लेनहार्ट व सर्बिन यांनीं निराळा प्रश्न मांडला. जमेच्या बाजूस शरीररक्षक टी-पेशी, खर्चाच्या बाजूस औषधाचा उपद्रव. तर मात्रा कशी कमी-अधिक करावी? प्रश्न सुरेख आहे. परंतु उपद्रवाची किंमत किती धरावी, तें गणित सांगत नाहीं. तें माणसानेंच ठरवावयाचें असतें. आणि येथें एक मोठा धडा मिळाला. औषधास मधून विश्रांति द्यावी काय, याचा प्रयोग ५,४७२ रोग्यांवर झाला. विश्रांति घेणारांत संधिसाधु रोग व मृत्यु अडीचपटींनीं अधिक निघाले, व जानेवारी २००६ मध्यें ती विश्रांति थांबवावी लागली. हृदय, यकृत व मूत्रपिंड यांचे विकार औषधाच्या नांवें लिहावे, तर तेहि औषध सोडणारांतच अधिक! खर्चाची रक्कम भलत्याच खात्यांत मांडली गेली होती.

भारतांत मोफत औषधयोजना १ एप्रिल २००४ रोजीं सुरू झाली, आणि २०१७ पासून निदान होतांच औषध देण्याचें धोरण आहे. ‘रक्तांत विषाणु आढळत नाहीं’ असा अहवाल आला, म्हणजे घरांतील कोणीतरी विचारतें, ‘मग आतां गोळी कशाला?’ त्या ४४ महिन्यांचा हिशेब त्यांना सांगावा.