आठ मुक्काम, तेवीस शर्यती



मोटारींच्या शर्यतीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे वेग उभा राहतो. परंतु या खेळात आयुष्य घालवू पाहणाऱ्या तरुणाचे पुष्कळसे भवितव्य धावमार्गावर ठरत नाही. ते ठरते एका कचेरीत, वेळापत्रक आखणाऱ्याच्या आणि नियम लिहिणाऱ्याच्या मेजावर. 2021 सालच्या ‘फॉर्म्युला टू’ या स्पर्धेची हकीकत मी आज सांगणार आहे ती यासाठीच. त्या हंगामात आपल्या मुंबईचा एक तरुण, जेहान दारूवाला, धावत होता.

फॉर्म्युला टू ही फॉर्म्युला वनच्या आधीची पायरी. येथे सर्वांच्या मोटारी एकाच घडणीच्या असतात. त्यामुळे चालकाचे कसब उघडे पडावे, अशी अपेक्षा असते. 2020 च्या डिसेंबरात बहारीनमधील साखीर येथे जेहानने या स्पर्धेतील एक शर्यत जिंकली. असा विजय मिळवणारा तो पहिला भारतीय. साहजिकच पुढच्या हंगामाकडे आपले डोळे लागले होते.

तो हंगाम मात्र निराळ्याच साच्यात ओतला गेला. 2020 मध्ये बारा मुक्काम होते आणि प्रत्येक मुक्कामी दोन शर्यती. 2021 साठी खर्चात काटकसर करण्याच्या हेतूने मुक्काम आठच ठेवले आणि प्रत्येक मुक्कामी तीन शर्यती लावल्या. बारा दुणे चोवीस, आठ त्रिक चोवीस! पाढा चुकला नाही, आणि हेतूही वाईट नव्हता. प्रवास कमी झाला तर संघांचे पैसे वाचतात, हे कोण नाकारील?

पण या हिशेबात एक रकाना सुटला होता. प्रत्येक मुक्कामी, सहसा शुक्रवारी, सरावाला पंचेचाळीस मिनिटे मिळत आणि त्यानंतर पात्रता-चाचणीला सहसा तीस मिनिटे. बारा मुक्कामांचा सराव नऊ तासांचा होतो, आठांचा केवळ सहा तासांचा. हंगामापूर्वीच्या चाचण्या सोडल्या, तर वर्षभरात सहा तास! गवयाच्या मुलाला वर्षातून सहा तास तंबोरा हाती द्यावा आणि मग मैफलीत त्याची परीक्षा घ्यावी, तसाच हा प्रकार.

त्यात मुक्कामांमधील अंतर. मार्चअखेर साखीर झाले, त्यानंतर मोनॅको मे महिन्याच्या उत्तरार्धात. जुलैत सिल्व्हरस्टोन, मग थेट सप्टेंबरात मोन्झा. सप्टेंबरअखेर रशियातील सोची, आणि तेथून जेद्दा डिसेंबरात, म्हणजे जवळजवळ दहा आठवड्यांनी. जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत बसून दूरचित्रवाणीवर हा खेळ पाहणाऱ्या माझ्यासारख्याला मागल्या मुक्कामी कोण कितवा आला होता, हे पुन्हा शोधून काढावे लागे. प्रेक्षकाचे ते जाऊ द्या. विशीतल्या चालकाचा हात दहा आठवडे त्या मोटारीपासून दूर राहतो, ही खरी हानी. इकडे ग्रेटर नोइडाचा धावमार्ग आमच्या जयपूरहून मोटारीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. 2011 ते 2013 ही तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या आणि पुढे त्या बंद पडल्या. तेव्हा भारतीय मुलाला परदेशातील त्या मोजक्या मिनिटांवरच भिस्त ठेवावी लागते.

आता नियमांकडे वळू. शुक्रवारच्या चाचणीत जो पहिला, तो रविवारच्या मुख्य शर्यतीत पुढे उभा राही. हे न्याय्यच झाले. परंतु शनिवारच्या पहिल्या शर्यतीत पहिल्या दहांचा क्रम उलटा लावीत. दहावा सर्वांपुढे, पहिला दहाव्या जागी! ऑस्कर पियास्त्री हा ऑस्ट्रेलियन तरुण अखेरच्या पाचही मुक्कामी चाचणीत पहिला आला आणि त्याचे बक्षीस म्हणून दर शनिवारी दहाव्या जागेवरून निघाला. उलट्या क्रमाने चुरस वाढते, हे मला मान्य आहे. मागून पुढे येणाऱ्याचे कौशल्यही त्यात दिसते. माझा आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. शनिवारच्या दुसऱ्या शर्यतीसाठी पहिल्या शर्यतीचा निकाल पुन्हा उलटा करीत. गुण फक्त पहिल्या आठांना. म्हणजे नवव्या आणि दहाव्याला गुण नाहीत, पण दहाव्याला पुढल्या शर्यतीत सर्वांत पुढची जागा! नवव्याने शेवटच्या फेरीत दहाव्याला वाट करून दिली, तर त्याचा फायदाच. मागे पडणे लाभाचे ठरावे, असा नियम शर्यतीत असावा काय? शिवाय पहिल्या शर्यतीत कोणी येऊन धडकला, तर एका अपघाताने दोन शर्यती हातच्या जात. आणि कारागिरांना मोटार उभी करायला काही तासच उरत.

एका मुक्कामी तीन शर्यती कोंबल्या की पावसालाही हात मारायला सोपे जाते. सोचीला पाऊस आला आणि एक शर्यत रद्द झाली. चोवीसच्या तेवीस राहिल्या. जेद्दाची मुख्य शर्यत अपघातांमुळे लवकर थांबवावी लागली आणि तेथे अर्धेच गुण वाटले गेले.

जेहानने त्या वर्षी मोन्झा आणि अबुधाबी येथे एकेक शर्यत जिंकली. दोन्ही शनिवारच्याच. 113 गुणांनी तो सातवा आला. अजिंक्यपद पियास्त्रीला मिळाले, आणि येथे नियमाचा आणखी एक चमत्कार पाहायला मिळाला. अजिंक्यवीराला या स्पर्धेत पुन्हा उतरता येत नाही. वरच्या वर्गात त्याला जागा मिळाली नाही, खालच्या वर्गात बसायला बंदी! तिसरा आलेला चिनी चालक झोउ ग्वान्यू 2022 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धावला आणि पहिला आलेला पियास्त्री वर्षभर राखीव म्हणून बाजूला उभा राहिला. 2023 मध्ये त्याला मॅक्लारेन संघाची मोटार मिळाली, ही गोष्ट निराळी.

तीन शर्यतींचा तो प्रयोग एका वर्षातच गुंडाळला गेला. 2022 मध्ये पुन्हा मुक्कामी दोनच शर्यती ठेवल्या आणि मुक्काम चौदा केले. सराव साडेदहा तासांवर गेला. शनिवारी उलटा क्रम एकदाच, रविवारी सरळ. जेहानचे विजय उलट्या क्रमाच्या शर्यतींतले, अशी कुजबुज तोवर अधूनमधून ऐकू येई. त्या सप्टेंबरात मोन्झा येथे त्याने रविवारची मुख्य शर्यत जिंकली.