यंत्रमानवाचे कंत्राट

(सीताबर्डी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘चित्रकथांतील युद्धयंत्र’ हा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काही जणांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली, असे माझ्या कानावर आले. प्रकृती उत्तम आहे. जन्मभर सार्वजनिक आयव्यय शिकविलेल्या माणसाने पोरासोरांच्या कॉमिकवर बोलावे, हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विषय मला माझ्या नातवाने दिला आणि तो दिल्यापासून माझी सुटका झालेली नाही.

येथून हाकेच्या अंतरावर, बर्डीच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्याने एक अमेरिकन कॉमिक उचलले. मुखपृष्ठावर घराएवढा जांभळा यंत्रमानव आणि त्याच्या मुठीत धडपडणारे अतिमानव. घरी आल्यावर त्याने ते अर्ध्या तासात संपविले. कोण जिंकले एवढेच त्याला पाहायचे होते. मी ते दोनदा वाचले, कारण मला निराळाच प्रश्न पडला होता: एवढ्या प्रचंड यंत्राचे पैसे भरले कोणी? हा प्रश्न मी त्याला विचारला तेव्हा तो खो खो हसला. गंमत अशी की, याचे उत्तर कॉमिकवाल्यांनी दिलेले आहे, आणि ते फार चांगले उत्तर आहे.

आमच्या पिढीला हे वाङ्मय अपरिचित नाही. १९६४ साली सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही निघत. वेताळ आणि मँड्रेक यांच्यासाठी आम्ही गृहपाठ बुडविला आहे. माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या दृष्टीने हा रॉकेल जाळण्याचा उद्योग होता. १९७६ साली आबिद सुरती यांनी बहादूर हा अस्सल देशी नायक त्या मालिकेत आणला. बहादूर हा डाकूचा मुलगा आणि त्याचे वैरीही डाकूच. डाकू कितीही क्रूर असो, त्याला भूक असे, लोभ असे, प्रसंगी पश्चात्तापही होई. १९९० मध्ये ती मालिका बंद पडली. नातवाच्या कॉमिकमधील शत्रूला यांपैकी काहीच होत नाही. तो फोडला तरी रक्त सांडत नाही, म्हणून वाचणाऱ्या मुलालाही संकोच होत नाही.

‘रोबोट’ हा शब्द मुळात आपल्या चळवळीच्या घरचा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नाटकात तो प्रथम आला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. नाटकातले रोबोट हे कारखान्यात बनविलेले वेठबिगार आहेत. कामगार त्यांच्याविरुद्ध उठतात तेव्हा सरकारे त्याच रोबोटांच्या हाती शस्त्रे देतात. पुढे रोबोटच बंड करतात. म्हणजे वेठबिगाराचा शिपाई करण्याची कल्पना शब्दाइतकीच जुनी आहे. कॉमिकांनी पुढे शिपाई ठेवला आणि वेठबिगार गाळला.

आता त्या जांभळ्या यंत्राकडे येतो. त्याचे नाव सेंटिनेल, म्हणजे पहारेकरी. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या ‘एक्स-मेन’ मालिकेच्या १४ व्या अंकात, १९६५ साली, तो अवतरला. हे एक्स-मेन म्हणजे जन्मतःच काही निराळी शक्ती घेऊन आलेली माणसे. त्यांना म्युटंट म्हणतात. बोलिव्हर ट्रास्क नावाचा मानववंशशास्त्रज्ञ घोषित करतो की, या निराळ्या माणसांपासून सामान्य माणसाला धोका आहे, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी तो ही यंत्रे उभी करतो. यंत्रे तर्काला पक्की असतात. माणसाचे रक्षण करावयाचे तर माणसावर राज्य केले पाहिजे, असा निष्कर्ष काढून ती प्रथम ट्रास्कवरच उलटतात.

येथे एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. सेंटिनेल गुन्हा पाहत नाही, जन्म पाहतो. अमेरिकन वाचकाला ही कल्पना अद्भुत वाटली असेल, विदर्भातल्या माणसाला वाटू नये. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. नोंदवही, हजेरी, गावाबाहेर जाण्यास परवाना, असा तो बंदोबस्त होता. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर प्रथम पोलीस का जातात, हे आपल्यापैकी ज्यांनी पालावर काम केले आहे त्यांना मी सांगण्याची गरज नाही. ती नोंदवही यंत्राच्या पोटात घातली की सेंटिनेल तयार होतो. फरक एवढाच की, हवालदाराला कधीतरी कीव येण्याची शक्यता असते.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटली ती पुढची कथा. १९८१ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत क्रिस क्लेअरमाँट व जॉन बर्न यांनी ती दोन अंकांत सांगितली. भविष्यकाळात, म्हणजे २०१३ मध्ये, अमेरिकेवर सेंटिनेलांचे राज्य आहे. बहुतेक नायक मारले गेले आहेत, उरलेले छावणीत कोंडलेले आहेत. हे टळावे म्हणून त्यांच्यातील एकीचे मन भूतकाळात पाठविले जाते. एका सिनेटरचा खून रोखला की हा अनर्थ टळेल, असा त्यांचा हिशेब. खून टळतो. नातवाच्या दृष्टीने कथा येथे संपली. पण अखेरीस राष्ट्राध्यक्ष सेंटिनेलांची योजना गुपचूप पुढे नेतो, आणि यंत्रे बनविण्याचे काम सेबॅस्टियन शॉ नावाच्या कारखानदाराला मिळते. हा शॉ स्वतःच म्युटंट आहे! आपल्याच जातीच्या शिकारीची यंत्रे तो सरकारला विकतो. द्वेष त्याला परवडत नाही आणि त्याची त्याला गरजही नाही. त्याच्याजवळ कंत्राट आहे. दोन अंकांतल्या सगळ्या मारामारीने जे साधले, ते त्या एका कंत्राटाने पुसून टाकले. भांडवलशाहीविषयी इतके नेमके विधान मी क्रमिक पुस्तकांत क्वचितच वाचले आहे.

मिखाल कालेत्स्की या पोलिश अर्थशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये एका निबंधात हेच वेगळ्या भाषेत मांडले. सरकारने दवाखाने, शाळा बांधून किंवा गरिबाच्या पोटाला घालून रोजगार वाढविला की कारखानदार कुरकुरतात. फॅसिस्ट राजवटीत मात्र खर्चाचा ओघ शस्त्रांकडे वळतो आणि त्यांची कुरकुर थांबते. कॉमिकमधला यंत्रमानव तर या दृष्टीने आदर्श माल होय. दर महिन्याला तो फुटतो आणि दर महिन्याला नवा लागतो.

ही सारी दूरदेशीची करमणूक असती तर मी आपला वेळ घेतला नसता. आता नागपूरकडे या. आपल्या शहराला शस्त्रांचा उद्योग नवा नाही. अंबाझरीचा आयुध कारखाना १९६६ पासून आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा अंबाझरीचा कारखाना त्यांपैकी एकीकडे गेला. खासगी क्षेत्र तर त्याहून वेगाने पुढे गेले आहे. येथल्याच सोलर इंडस्ट्रीजच्या समूहाने ‘नागास्त्र-१’ नावाचे घिरट्या घालणारे अस्त्र बनविले. लष्कराने ४८० मागविली. १२० ची पहिली खेप जून २०२४ मध्ये पोहोचली. ९ किलो वजन, १ किलोचा स्फोटक भार. माणसाच्या नियंत्रणाखाली १५ किलोमीटरपर्यंत जाते, स्वयंचलित पद्धतीने ३०. आकाशात फिरत राहते आणि लक्ष्य दिसले की त्यावर स्वतःला झोकून देते. लक्ष्य मिळाले नाही तर हवाईछत्रीने परत उतरविता येते, हेही सांगितले पाहिजे. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधान दीक्षाभूमीवर येऊन गेले, आणि त्याच दिवशी त्यांनी अशा अस्त्रांच्या चाचणीक्षेत्राचे येथे उद्घाटन केले. बुद्ध आणि अस्त्र एकाच दौऱ्यात, असो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक बदल दिसतो. तोफ ही भांडवली वस्तू आहे, ती वीस-तीस वर्षे टिकते. नागास्त्र ही उपभोग्य वस्तू आहे, काडेपेटीतल्या काडीसारखी. कारखाना एकदा उभा राहिला की त्याला मागणी हवी. ती युद्धातून येईल किंवा निर्यातीतून. आपली संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची होती, २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. आकडे अभिमानाने सांगितले जातात. कोणाच्या दारात हा माल फुटणार, हे कोष्टकात नसते.

आणि हा माल भरणारे हात? १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. तो विभाग ड्रोनचा नव्हता, सुरुंगासाठी लागणाऱ्या बूस्टरचा होता. पण बारूद तीच आणि हातही त्याच खेड्यांतले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात आठ गेले. देशभरातील स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे, हे किती नागपूरकरांना ठाऊक आहे? नातवाच्या कॉमिकमध्ये यंत्रमानवाचा प्रत्येक खिळा रेखाटलेला आहे. तो ठोकणारा कामगार मला एकाही चौकटीत सापडला नाही.

राज्यकर्त्याला यंत्राचा शिपाई का आवडतो, हे समजून घ्यावयाचे तर या सभागृहाबाहेर जाऊन टेकडीकडे पाहावे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ ला येथे सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला, पुढे त्यांनी शरणागती पत्करली. परंतु त्यांच्या चाकरीतील अरब शिपायांनी शहर सोडण्याचे नाकारले. डिसेंबरच्या अखेरीस अटी ठरवूनच ते बाहेर पडले. शिपाई भाडोत्री असला तरी माणूस होता. तो थकलेला पगार मागतो, हुकूम ऐकून क्षणभर थबकतो, कधी बंदूक खाली ठेवतो. क्रांत्या अशा थबकण्यातून झालेल्या आहेत. यंत्र थबकत नाही.

म्हणूनच निर्णय कोणाचा, हा प्रश्न निकडीचा आहे. माणसाच्या हस्तक्षेपावाचून ठार मारणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २२ डिसेंबर २०२३ रोजी पहिला ठराव केला. १५२ देश बाजूने होते, चार विरोधात. त्या चारांत रशिया होता आणि भारतही होता. या प्रश्नाची चर्चा जिनिव्हातील शस्त्रविषयक करारांतर्गत व्हावी, असे आपल्या सरकारचे म्हणणे. मुद्दा अगदीच पोकळ नाही. परंतु तेथील चर्चा सर्वसंमतीने चालते, म्हणजे एकाने नकार दिला की गाडी अडते. ज्या देशाने निःशस्त्रीकरणाचा आवाज जगभर उठविला, त्याच्या या मतावर आपल्या पक्षात साधी चर्चाही झाली नाही. मी त्या वेळी जिल्हा कार्यकारिणीला हजर होतो आणि मीही गप्प बसलो, हे नमूद करतो.

का गप्प बसलो, हेही सांगतो. आमच्या कामगार आघाडीच्या एका साथीने मला बाहेर गाठून विचारले होते, “सर, एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली, तेव्हापासून पोरांना काम कुठं आहे? अमरावती रोडवर एकच उद्योग माणसं घेतो. त्याच्याविरुद्ध बोलायला तुम्ही आम्हांला गावात पाठवणार?” त्याचे वडील आणि माझे वडील एकाच पाळीला होते. मला उत्तर सुचले नाही. आजही पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. कापूस पिकविणाऱ्या मुलखात कापडाची गिरणी चालत नाही आणि बारुदीचा कारखाना चालतो, हा निसर्गाचा नियम नव्हे. पतपुरवठा, सरकारी खरेदी आणि धोरण यांनी घडविलेली ती निवड आहे, एवढे मी त्याला सांगू शकतो. पण हे ऐकून त्याच्या मुलाला उद्या काम मिळत नाही, हे तोही जाणतो.

तरीही जिल्हा अधिवेशनासाठी मी दोन वाक्यांच्या ठरावाचा मसुदा लिहून आणला आहे. पहिले वाक्य असे: विदर्भातील स्फोटकांच्या सर्व सरकारी व खासगी कारखान्यांच्या सुरक्षा तपासणीचे अहवाल प्रसिद्ध करावेत, आणि कंत्राटी कामगारांना कायम कामगारांइतकेच प्रशिक्षण, विमा व भरपाई मिळावी. दुसरे असे: माणसाच्या निर्णयावाचून माणसाचा जीव घेणारे शस्त्र भारताने बनवू नये, विकू नये, आणि तशा आंतरराष्ट्रीय कराराच्या बाजूने मत द्यावे. पहिल्या वाक्याला कामगार आघाडीची संमती आहे. दुसऱ्यावर त्यांचे म्हणणे असे की, ते गाळले तर ठराव एकमताने होईल. ते साथी आज येथे बसले आहेत. मी दुसरे वाक्य गाळण्यास तयार नाही. शब्द बदलण्यास तयार आहे. चहानंतर त्यावरच बोलू.